पडद्यावरचा मिलिमीटर

कड्यासारख्या बाजाराच्या गावात आडतीवर माल घातला, की शेतकऱ्याची नजर आधी काट्याकडे जाते. काट्यावर वैधमापन खात्याची मोहोर आहे का, तिची मुदत संपली आहे का, पासंग तर नाही ना, हे विचारण्याचा त्याला हक्क आहे आणि तो विचारतोही. डॉक्टरांच्या टेबलावरच्या रक्तदाबमापकालाही वैधमापनाचे नियम लागू आहेत. त्याच गावातली एखादी बाई सोनोग्राफीचा कागद घेऊन घरी येते. कागदावर छापलेले असते : गर्भाशयाचा आकार ९.६ × ५.४ × ४.९ सेंटिमीटर. हा सेंटिमीटर कुठून आला, कुठून कुठपर्यंत मोजला, त्यात चूक किती असू शकते, हे कोणी विचारत नाही. आकडा छापील आहे, यंत्रातून आलेला आहे आणि त्याला दशांशचिन्हही आहे. एवढ्यावर तो खरा मानला जातो.

आमचा आक्षेप यंत्रांवर नाही. क्ष-किरण, सोनोग्राफी, सीटी स्कॅन यांनी वैद्यकाचे रूप बदलले आहे याविषयी वाद नाही. ती चालवणाऱ्या डॉक्टरांवरही आक्षेप नाही. त्यांतले जाणते लोक पुढे लिहिलेले सारे आमच्याहून चांगले जाणतात. आक्षेप आहे तो ही चित्रे दाखवणाऱ्या आणि मोजणाऱ्या आज्ञावलींच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या, रचनेवर. मोजमाप ज्या गोष्टींच्या आधारावर उभे असते त्या गोष्टी या आज्ञावली आड ठेवतात आणि आकडा तेवढा पुढे करतात. शाळेच्या प्रयोगशाळेत एखाद्या मुलाने एकक न लिहिता, लघुतम माप न सांगता उत्तर दिले तर आपण त्याचे गुण कापतो. येथे मात्र पूर्ण गुण दिले जातात.

प्रथम चित्र म्हणजे काय ते पाहू. पडद्यावरचे रोगचित्र हा अंकांचा तक्ता असतो. छातीच्या डिजिटल क्ष-किरण चित्रात आडवे-उभे दोन-अडीच हजार चौकोन असतात. प्रत्येक चौकोनात, म्हणजे पिक्सेलमध्ये, उजेडाचा एक अंक असतो. तो बहुधा ० ते ४०९५ या दरम्यान असतो. साध्या पडद्याला करड्या रंगाच्या २५६ छटाच दाखवता येतात, म्हणून आज्ञावलीला त्या ४०९६ पायऱ्यांतला हवा तेवढा पट्टा निवडून दाखवावा लागतो. सीटी स्कॅनमध्ये या निवडीचे महत्त्व फार. तिथे पाण्याला ०, हवेला उणे १००० असे अंक ठरलेले आहेत. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या नावाने ते ओळखले जातात; १९७९ चे नोबेल पारितोषिक त्यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्याबरोबर विभागून मिळाले. फुप्फुसासाठी निवडलेल्या पट्ट्यात एखादी गाठ जेवढी दिसते, तेवढी ती मांसल भागासाठी निवडलेल्या पट्ट्यात दिसत नाही. कडेचा धूसर भाग एकदा गाठीत धरला जातो, एकदा बाहेर राहतो. तीच गाठ, तेच चित्र, आणि दोन मापे. सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन केल्यावर गाठ ‘वाढली’ असे म्हणायचे असेल, तर दोन्ही वेळचा पट्टा एकच होता काय, हे ठाऊक हवे. मापाशेजारी हा पट्टा लिहिणे आज्ञावलीला काहीच अवघड नाही. पण माप जेव्हा अहवालात उतरते, तेव्हा पट्टा मागे राहतो.

पिक्सेलचे मिलिमीटर कसे होतात हा यापुढचा प्रश्न. त्याचे उत्तर चित्राच्या फाइलीतच लिहिलेले असते, आणि ही या क्षेत्रातली एक खरोखर शहाणपणाची गोष्ट आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांची चित्रे एकमेकांना वाचता यावीत म्हणून अमेरिकेतल्या क्ष-किरणतज्ज्ञांनी आणि यंत्र-उत्पादकांनी १९८३ मध्ये संयुक्त समिती नेमली. तिचे पहिले मानक १९८५ मध्ये आले, आणि १९९३ पासून ते ‘डायकॉम’ या नावाने जगभर वापरात आहे. डायकॉम फाइलीत चित्राबरोबर रुग्णाचे नाव, तारीख, यंत्राची माहिती आणि दोन शेजारच्या पिक्सेलमधले अंतर एवढे सगळे असते. चित्राला त्याची मोजपट्टी जन्मतःच बांधलेली असते म्हणा ना.

पण ती मोजपट्टी कुठली, हे पाहावे लागते. सीटी स्कॅनमध्ये ती शरीराच्या आतली असते, तिथे फारसा गोंधळ नाही. साधा क्ष-किरण मात्र सावली आहे. कंदिलासमोर हात धरला की भिंतीवर हातापेक्षा मोठी सावली पडते, आणि हात कंदिलाजवळ नेला की ती आणखी मोठी होते, हे पाचवीतल्या मुलालाही माहीत असते. क्ष-किरणाचा उगम हा कंदील आणि प्लेट ही भिंत. छातीचे चित्र नेहमी उगमापासून १८० सेंटिमीटरवर, छाती प्लेटला टेकवून काढतात. हृदयाचा रुंद भाग प्लेटपासून १० सेंटिमीटर दूर आहे असे धरले, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने सावली १८० भागिले १७०, म्हणजे १.०६ पट होईल. १२ सेंटिमीटरचे हृदय १२.७ दिसेल. आता रुग्ण खाटेवर आहे, उठू शकत नाही, म्हणून चित्र समोरून आणि १०० सेंटिमीटरवरून काढले. हृदय प्लेटपासून १५ सेंटिमीटर दूर गेले. सावली १०० भागिले ८५, म्हणजे १.१८ पट. तेच हृदय आता १४.१ सेंटिमीटर. रात्रीत हृदय दीड सेंटिमीटर वाढले असे म्हणायचे काय?

डायकॉमच्या कर्त्यांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी दोन वेगळ्या नोंदी ठेवल्या : एक प्लेटवरच्या पिक्सेलमधले अंतर सांगणारी, आणि दुसरी, शरीरातल्या अंतराशी जुळवून घेतलेले माप असेल तर ते सांगणारी. सांध्याच्या शस्त्रक्रियेआधी चित्र काढताना शेजारी ठरावीक व्यासाची धातूची गोळी ठेवतात ती याच जुळवणीसाठी. इतकी काळजी मानकात घेतली आहे. पडद्यावर मात्र दोन्ही मापांना एकच नाव, ‘मिमी’. हे मिलिमीटर सावलीचे की शरीराचे, हे त्या दोन अक्षरांवरून कळण्याचा मार्ग नाही. सावलीच्या मिलिमीटरसमोर आज्ञावलीने ‘प्लेटवर’ एवढा एक शब्द जोडला असता तरी आमचे समाधान झाले असते.

जुन्या डॉक्टरांनी या अडचणीतून फार पूर्वी वाट काढली होती. ते हृदयाची रुंदी सेंटिमीटरमध्ये सांगत नसत. छातीच्या रुंदीशी तिचे गुणोत्तर काढत. वरच्याच उदाहरणात छाती २७ सेंटिमीटर रुंद आणि तिचा रुंद भाग प्लेटपासून १२ सेंटिमीटर दूर धरला, तर पहिल्या चित्रात गुणोत्तर ०.४४ येते आणि दुसऱ्यात ०.४६. लांबी ११ टक्क्यांनी फुगली, पण गुणोत्तर जेमतेम हलले. गणिताच्या तासाला गुणोत्तराला एकक नसते असे आपण शिकवतो. एकक नसल्यामुळेच ते मोजपट्टी हरवली तरी बरेचसे टिकते, हेही सोबत शिकवता येईल.

मोजपट्टी हरवण्याचे प्रसंग थोडे नाहीत. कड्याहून मोठ्या तपासणीला किंवा तज्ज्ञाकडे जायचे म्हणजे बहुधा अहिल्यानगरची, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरची, वाट धरायची. २०२२ च्या सप्टेंबरात अहमदनगर ते आष्टी रेल्वे सुरू झाली आणि कड्याला स्थानक मिळाले, तरी फिल्म माणसाच्या आधी पोचते ती व्हॉट्सअ‍ॅपवरून. खिडकीच्या उजेडाला धरलेल्या फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो, हेच आज खेड्यातले सर्वांत जास्त फिरणारे रोगचित्र असावे. ही सोय वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. हाड मोडले आहे की नाही, हे पुष्कळदा त्यातून कळते. पण या प्रवासात डायकॉमच्या नोंदी पूर्ण गळून पडतात. ४०९६ पायऱ्यांच्या २५६ होतात. फाइल लहान करताना बारीक तपशील पुसला जातो. फिल्म २० अंशांनी कलती धरली असेल, तर त्या दिशेचे १० सेंटिमीटर ९.४ होतात, आणि कोनही बिघडतात.

आता असा फोटो मोजणाऱ्या आज्ञावलीत उघडला तर काय होते? चांगल्या आज्ञावलीने सांगायला हवे, ‘या चित्राला मोजपट्टी नाही, मी लांबी पिक्सेलमध्ये सांगेन, मिलिमीटरमध्ये नाही.’ अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रास्बँड यांनी लिहिलेली, १९९७ पासून सर्वांना मोफत मिळणारी ‘इमेजजे’ ही आज्ञावली बहुतांशी असेच वागते. मोजपट्टी ठाऊक नसेल तर ती पिक्सेलवर थांबते. ज्ञात लांबीवर रेघ ओढून ‘ही एवढी’ असे तुम्ही तिला सांगितले, म्हणजे मगच ती पुढे मिलिमीटरमध्ये बोलते. आमच्या मते या क्षेत्रातल्या रचनेचा हा एक उत्तम नमुना आहे, आणि तो एका सरकारी प्रयोगशाळेतून आला आहे. तिच्यातही एक दोष आहेच. फोटोच्या फाइलीत छपाईसाठी ‘एका इंचात इतके ठिपके’ असा आकडा लिहिलेला असेल, तर ती त्यावर विश्वास ठेवून इंच दाखवू शकते. त्या इंचाचा हाडाच्या इंचाशी संबंध नसतो. मोजपट्टी नसणे परवडते, खोटी मोजपट्टी असणे परवडत नाही.

मोफत मिळणाऱ्या पुष्कळ आज्ञावली सुरू होतानाच ‘रोगनिदानासाठी वापरू नये’ अशी पाटी दाखवतात. पाटी एकदा येते, वापरणारा बटण दाबून तिला घालवतो, आणि पुढचा तासभर मापे निमूटपणे, कसलीही शंका न दाखवता येत राहतात. सूचना कायद्यासाठी लिहिली आहे, वाचणाऱ्यासाठी नाही. तीच सूचना मापाला चिकटून आली असती, तर तिचा उपयोग झाला असता.

सोनोग्राफीची गोष्ट थोडी निराळी. तिथे मोजपट्टी काळाची आहे. यंत्र ध्वनीचा ठोका पाठवते, प्रतिध्वनी किती वेळाने आला ते पाहते, आणि शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर आहे असे धरून अंतर काढते. जाण्यायेण्याचे मिळून एका सेंटिमीटरला सुमारे १३ मायक्रोसेकंद लागतात. १५४० ही सरासरी आहे. चरबीत वेग सुमारे १४५० असतो. म्हणजे दोन खुणांच्या मध्ये ३ सेंटिमीटर चरबी असेल, तर यंत्र ती ३.२ दाखवेल. ही चूक फार मोठी नव्हे. पण हे पाहा : १६ सेंटिमीटर खोलीचे चित्र पडद्यावर ५०० ओळींत मांडले, तर एक ओळ ०.३२ मिलिमीटरची झाली. खुणेची फुली एक ओळ सरकली की माप ०.३ मिलिमीटरने बदलणार. शिवाय आडव्या दिशेने ध्वनीच्या झोताचीच रुंदी काही मिलिमीटर असते, त्याहून बारीक तिला दिसत नाही. आणि अहवालात छापलेले असते ४३.७ मिलिमीटर! हा .७ मोजलेला नसून भागाकारातून आलेला आहे. सार्थ अंकांचा धडा आपण अकरावीत घेतो तो परीक्षेपुरता नसावा, असे वाटत असेल तर वर्गात असा एखादा कागद दाखवावा.

फुली कुठे ठेवायची हाही एक वेगळाच प्रश्न आहे, आणि तो आज्ञावली माणसावर सोडते. गर्भाच्या डोक्याची रुंदी मोजताना एका पद्धतीत कवटीच्या बाहेरच्या कडेपासून पलीकडच्या आतल्या कडेपर्यंत मोजतात, दुसरीत बाहेरून बाहेरपर्यंत. फरक हाडाच्या जाडीचा, दोनएक मिलिमीटरचा. गर्भारपणाच्या मधल्या महिन्यांत डोके आठवड्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. म्हणजे फुलीच्या जागेवरून मूल चारपाच दिवसांनी लहानमोठे ठरू शकते. पद्धत आणि कोष्टक यांची जोडी जुळली तर काही बिघडत नाही. मोजले एका पद्धतीने आणि वाचले दुसऱ्या पद्धतीच्या कोष्टकातून, तर बिघडते. कोणती पद्धत वापरली ते मात्र अहवालातल्या आकड्यावरून ओळखता येत नाही.

कोष्टक हा या सगळ्यातला सर्वांत खोल दडलेला भाग. डोके, मांडीचे हाड, पोटाचा घेर यांवरून गर्भाचे वय आणि वजन सांगणारी कोष्टके यंत्राच्या पोटात आधीच भरलेली असतात. कागदावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘हॅडलॉक’ असे नाव दिसते. हे अमेरिकेतले क्ष-किरणतज्ज्ञ. गर्भाच्या वाढीवरचा त्यांचा १९९१ चा प्रसिद्ध तक्ता ३९२ स्त्रियांवर आधारलेला आहे, आणि त्या बहुतेक मध्यमवर्गीय गोऱ्या होत्या. काम चोख आहे, त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण त्या पट्टीने आपली मुले मोजायची का, हा प्रश्न आपला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवतींचा अभ्यास केला. तिथली पूर्ण दिवसांची मुले सरासरी २.७ किलो वजनाची भरली. या अभ्यासातल्या सोनोग्राफीच्या मापांची युरोपातल्या गर्भांशी केलेली तुलना २०१० मध्ये प्रसिद्ध झाली : पाचव्या महिन्याच्या सुमारासच आपले गर्भ लहान होते, आणि पोटाच्या घेरात हा फरक विशेष होता.

यावरून ‘आपल्या लोकांसाठी वेगळे कोष्टक हवे’ असे लगेच म्हणणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. लहान मूल जर आईच्या उपासमारीमुळे लहान असेल, तर लहान मुलांचे कोष्टक बनवणे म्हणजे उपासमारीला सामान्य ठरवणे होईल. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरग्रोथ-२१’ या अभ्यासाने म्हणूनच दुसरी वाट धरली : आठ देशांतल्या, निरोगी आणि पुरेसे खायला मिळणाऱ्या गर्भवती निवडल्या आणि सर्वांसाठी एकच तक्ता केला. त्या आठ ठिकाणांत आपले नागपूर होते. उलट आयआयटी मद्रास आणि फरीदाबादची वैद्यक संशोधन संस्था यांनी गुरुग्रामच्या रुग्णालयातल्या गर्भवतींच्या नोंदींवरून भारतीय सूत्र तयार केले आणि त्याची पुढची आवृत्ती २०२४ मध्ये जाहीर केली. दोन्हींमागे विचार आहे. वाद घालण्यासारखा आहे, आणि तो तज्ज्ञांनी घालावा. आमचे म्हणणे एवढेच, की हा वाद यंत्राच्या यादीत आधीच निवडून ठेवलेल्या एका नावाने परस्पर मिटवू नये. ‘वाढ कमी’ असा शेरा येतो तेव्हा तो कोणाशी तुलना करून, हे त्याच ओळीत लिहिलेले असावे.

बीड जिल्ह्यात ही गोष्ट केवळ तात्त्विक राहत नाही. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून दरवर्षी हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळीचे दिवस, अंगावरून जाणे, कंबरदुखी यांना त्या हिशेबात जागा नाही. जून २०१९ मध्ये सरकारने विधिमंडळात सांगितले, की आधीच्या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या खाजगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे सहांपैकी एकीचे. त्यांतल्या अनेकजणी चाळिशीच्या आतल्या होत्या. सोनोग्राफी करून ‘पिशवीला सूज आहे’, ‘पुढे कॅन्सर होईल’ असे आपल्याला सांगितले गेल्याचे अनेक स्त्रियांनी वार्ताहरांना सांगितले.

याची कारणे उचलीत, मुकादमीत, दवाखाने दूर असण्यात आणि काहींच्या लोभात आहेत. आज्ञावली सुधारल्याने उचल फिटत नाही, हे आम्हाला कळते. पण कागदावरच्या आकड्याने या व्यवहारात कोणते काम केले असेल, हे पाहण्यासारखे आहे. मूल न झालेल्या स्त्रीचे गर्भाशय साधारण ७ ते ८ सेंटिमीटर लांब असते. मुले झाल्यावर ते प्रत्येक दिशेने सेंटिमीटरभर किंवा थोडे अधिक मोठे राहते, आणि त्यात आजार काही नाही. तीन बाळंतपणे झालेल्या बाईचे ९.६ सेंटिमीटर कोणत्या पट्टीने ‘मोठे’? पहिल्या पट्टीने मोठे, दुसरीने सरळ. पट्टी लिहिलेली नसेल तर शेरा लिहिणाऱ्याला मोकळे रान मिळते, आणि वाचणारीच्या हाती फक्त भीती उरते. फडावर दिवसभर मोळ्या वाहणाऱ्या बाईला ९.६ या आकड्याशी भांडता येत नाही. ‘तीन मुले झालेल्या स्त्रीत एवढे असू शकते’ या वाक्याचा आधार घेऊन ती निदान दुसऱ्या डॉक्टरला विचारू शकली असती.

दुसऱ्या डॉक्टरचाच विचार करू. हे प्रकरण उघड झाल्यावर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन खाजगी रुग्णालयांना घातले गेले. परवानगी देणाऱ्याने काय पाहायचे? त्याला चित्र हवे, आणि फुल्या जागच्या जागी असलेले चित्र हवे. रुग्णाच्या पिशवीत असते ते उष्णतेने छापणाऱ्या यंत्राच्या गुळगुळीत कागदावरचे लहान चित्र. उन्हात आणि उबेत ते पुसट होत जाते. चित्राच्या कडेला सेंटिमीटरच्या खुणा असतात, पण मोबाइलने फोटो काढताना नेमकी कडच कापली जाते. मग उरतो फक्त टंकलेला आकडा. आकडा चित्रापासून सुटला की तो तपासता येत नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे २००१ च्या जनगणनेत ८९४ मुली होत्या, २०११ मध्ये ८०७. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा १९९४ चा, तरी ही घसरण झाली. कोल्हापूरला त्या वेळी लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी होते. मराठी वाचक त्यांना कथाकार म्हणूनही ओळखतात. त्यांच्या पुढाकाराने २००९-१० च्या सुमारास सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाची पेटी जोडली गेली. पडद्यावर जे दिसेल ते ती साठवून ठेवते. डॉक्टरांच्या संघटनेने रुग्णांच्या खाजगीपणाचा मुद्दा घेऊन विरोध केला. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये योजना ग्राह्य ठरवली. चित्र आकड्यापासून तोडायचे नाही, हा या पेटीमागचा विचार आम्हाला मोलाचा वाटतो. पण साठवणे म्हणजे पाहणे नव्हे. लाखो चित्रांतून कोण, काय शोधणार? अर्जात लिहिलेले आठवडे आणि चित्रातल्या मापावरून निघणारे आठवडे जुळतात का, एवढे तपासायचे तरी मोजपट्टी, फुलीची पद्धत आणि कोष्टक या तिन्ही गोष्टी चित्रासोबत टिकायला हव्यात. शिवाय डॉक्टर गर्भाचे लिंग तोंडाने किंवा खुणेने सांगतो, ते चित्रात उमटत नाही. कोठाराची रचना केली, वाचनाची राहिली.

आज्ञावली लिहिणाऱ्यांची बाजूही मांडायला हवी. ते म्हणतील, दिवसाला पन्नास-साठ रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला प्रत्येक आकड्याशेजारी तीन ओळींची टीप वाचायला वेळ कुठून असणार? पडदा लहान, घाई मोठी. हे खरे आहे. पण यावर उपाय टीप लांबवणे हा नव्हेच. ४३.७ ऐवजी ‘४४ ± २’ लिहिले तर एखाददुसरे अक्षर वाढते. मोजपट्टी नसेल तिथे ‘मिमी’ न छापणे याला तर काहीच जागा लागत नाही. खुणांसह चित्र आणि आकडा यांची एकच फाइल करणे, आणि तिची प्रत रुग्णाच्या मोबाइलवर देणे, हे आजच्या संगणकाला क्षणाचे काम आहे. अडचण तंत्राची नाही. नेमका दिसणारा आकडा विकला जातो आणि संकोचणारा आकडा कमकुवत यंत्राचा वाटतो, ही खरी अडचण आहे. २०२० च्या अधिसूचनेने आपल्याकडे सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत आले, ही चांगली गोष्ट. तरी परवाना मिळाल्यानंतर गावोगावच्या आडतीवरचा काटा जसा पुन्हापुन्हा तपासला जातो, तसा पडद्यावरचा मिलिमीटर तपासला जात नाही.

आता यात माणसाला फुली ठेवायलाही न लावणाऱ्या आज्ञावलींची भर पडली आहे. छातीच्या क्ष-किरणावरून क्षयाची शक्यता सांगणारी अशी एक आज्ञावली मुंबईत २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘क्युअर डॉट एआय’ या कंपनीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयतपासणीसाठी अशा साधनांना मान्यता दिली. जिथे क्ष-किरणतज्ज्ञ नाही अशा गावांत त्यांचा उपयोग आहे, तो आम्ही नाकारत नाही. परंतु त्या देतात तो गुणांक, आणि किती गुणांकाच्या वर ‘संशयित’ म्हणायचे ती रेषा जागोजागी तपासून ठरवावी लागते, असे संघटनाच सांगते. पट्टी आणि कोष्टक इथेही आहेतच, फक्त ती आता यंत्र लिहिणाऱ्यालाही नीट उलगडून दाखवता येत नाहीत.

शाळेत यातले काय करता येईल? बरेच. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. पिंपळाच्या पानाशेजारी ते नाणे ठेवून वरून सरळ फोटो काढावा, संगणकावर इमेजजेमध्ये उघडावा, आणि नाण्यावर रेघ ओढून मोजपट्टी बसवावी. मग पाच विद्यार्थ्यांना एकमेकांचे न पाहता पानाची लांबी मोजायला सांगावे. देठ धरायचा की नाही, टोकाची शेपटी कुठे संपते, यावर भांडण होईल; ते होऊ द्यावे, आणि पाचही उत्तरे फळ्यावर लिहावीत. नंतर नाणे चार पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून, पान टेबलावरच ठेवून, तोच प्रयोग पुन्हा करावा. पान लहान झालेले दिसेल, आणि का, ते मुलेच सांगतील. शेवटी फोटोतले नाणे कापून टाकून तो शेजारच्या वर्गाला पाठवावा आणि पान किती लांब आहे ते विचारावे. जो गट ‘सांगता येत नाही’ असे लिहून पाठवील, त्याला पूर्ण गुण द्यावेत.